कानसेनला ऐकू न आलेला खोकला

आमच्या गल्लीच्या तोंडाशी खांबावर कानसेन बसवलेला आहे. नारळाएवढं ते यंत्र गल्लीतला प्रत्येक खोकला ऐकतं, कोणाचा ते ओळखतं आणि किती दिवस चाललाय ते लक्षात ठेवतं. गेल्या उन्हाळ्यात त्याने शेजारच्या सुलभाकाकूंच्या मागे लागून त्यांना दवाखान्यात पाठवलं होतं. काकू चिडल्या, पण गेल्या, आणि त्यांचा क्षयरोग (जंतूंमुळे बहुतेक वेळा फुप्फुसांना होणारा आजार) सुरुवातीलाच सापडला. आता त्या ठणठणीत आहेत.

मग मला एक कोडं पडलं. माझे आबा, म्हणजे आईचे वडील, दिवाळीपासून कोरडं खोकत होते. होळी जवळ आली तरी खोकला जाईना. आणि घरात त्यांच्याच टेबलावर असलेला दुसरा कानसेन मला सांगत होता, की या घरात कोणीही खोकत नाही.

खरं म्हणजे कानसेन आबांनीच बनवला. ते ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजांचा अभ्यास करणारे) आहेत. आमच्या वाईच्या घरातला कानसेन सर्वांत पहिला, आणि गावोगावचे कानसेन अजूनही याच्याकडूनच शिकतात. त्यामुळे आईने डॉक्टरांचं नाव काढलं की आबा त्याच्याकडे बोट दाखवायचे. तो गप्प आहे ना, मग झालं तर. घरात वैद्यही काही कमी नव्हते. कोणी ज्येष्ठमध आणलं, कोणी आल्याचा रस मधात दिला. घशाला तासभर बरं वाटायचं आणि खोकला पुन्हा हजर. मला त्या गप्प बसलेल्या यंत्राचा भयंकर राग यायचा.

एके दिवशी मी आबांना विचारलं, की खोकला येतोच कशाला? प्रश्न विचारला की आबांना दुखणंसुद्धा विसरायला होतं. त्यांनी सांगितलं, की आपल्या श्वासनलिकेला (फुप्फुसात हवा नेणाऱ्या नळीला) आतून बारीक केसांचं अस्तर असतं. ते केस धूळ आणि चिकट कफ वर वर ढकलत राहतात. त्यांना झेपलं नाही, की शरीर एक जोराचा झोत सोडतं. तो खोकला. म्हणजे खोकला हा आजार नव्हे, ती घरातली साफसफाई. सर्दी गेल्यावरही ते अस्तर हुळहुळं राहतं, म्हणून कफ नसताना कोरडा खोकला काही दिवस रेंगाळतो आणि बहुधा आपोआप जातो.

"आणि नाही गेला तर?" मी विचारलं.

"तर कारण दुसरं असतं. दमा असेल, पोटातलं आम्ल वर येत असेल, रक्तदाबाची एखादी गोळी सोसत नसेल, क्षय असेल, नाहीतर फुप्फुसाचंच काही बिघडलं असेल. कानाने ते कळत नाही, तपासावंच लागतं. म्हणून दोन आठवडे उलटले की डॉक्टरांना दाखवायचं. आणि खोकल्यातून रक्त पडलं, दम लागला, छातीत दुखलं, वजन उतरलं किंवा ताप यायला लागला, तर तेवढंही थांबायचं नाही."

हे सांगताना त्यांना दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. पँट कमरेवर राहावी म्हणून त्यांनी पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते हेच.

कोडं सुटलं ते एका रविवारी. रोज सकाळी आबा कानसेनची तपासणी करत. तबलजी मैफलीआधी तबला ठोकून बघतो, तसे ते यंत्रासमोर मुद्दाम खोकत आणि हिरवा दिवा लागला की चहाला येत. त्या दिवशी त्यांना मुद्दाम खोकावं लागलंच नाही. खरी उबळ आली आणि थांबेचना. तरीही हिरवा दिवा लागला. हा आवाज कसला, असं मी कानसेनला विचारलं.

"ही तपासणी आहे," तो म्हणाला. "खोकला नाही."

आबांचा खोकला म्हणजे तपासणी, हे कानसेन वर्षानुवर्षं शिकला होता. आबांचाच आवाज त्याने प्रमाण (मोजण्यासाठी धरलेलं मूळ माप) मानला होता, आणि गल्लीतला कानसेनही तेच त्याच्याकडून शिकला होता. तागडीच्या दोन्ही पारड्यांत एकसारखीच वांगी ठेवली, तर काटा हलणार कसा?

आबांनी आधी वाद घातला. मग कानसेनमध्ये साठलेले जुन्या सकाळींचे आवाज काढून ऐकवायला लागले. पहिल्या वर्षाचा खोकला लटका होता, हे कोणीही ओळखलं असतं. दिवाळीतला खरा होता. आजचा ऐकताना आईने तोंड फिरवलं. मला खूप भीती वाटली.

"आबा, मला तुम्ही हवे आहात," मी म्हणाले. "आजच चला."

डॉ. शहनाज मुजावर यांनी त्यांची नखं फुगलीत का ते पाहिलं (फुप्फुसाच्या काही आजारांत ती फुगतात), त्यांना चालायला लावून रक्तातला प्राणवायू मोजला, छातीची चित्रं काढली. डॉक्टरांनी काहीच लपवलं नाही. आबांना फुप्फुसतंतुता (फुप्फुसाचा मऊ भाग कडक होत जाणं) झाली होती. कडक झालेला भाग पुन्हा मऊ होत नाही. औषधाने पुढचं कडक होणं मंदावतं. आधी आला असतात तर यापेक्षा जास्त भाग राखता आला असता, असंही त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आबा नाकाला प्राणवायूची नळी लावून कामाला बसले. तपासणीसाठी माणसाने खोकायचंच नाही, साठवलेला आवाज वाजवायचा, असा बदल त्यांनी केला आणि तो सगळ्या गावांच्या कानसेनांना पाठवला. कारण गावोगावच्या देखभाल करणाऱ्यांना यंत्रासमोर खोकायला आबांनीच शिकवलं होतं.

काही दिवसांनी कोरेगावचा कानसेन सांभाळणाऱ्या सदाशिव घार्ग्यांचा फोन आला. बदल होताच त्यांचा कानसेन त्यांच्यावरच ओरडला होता. महिनाभराचा खोकला निघाला, डॉक्टरांनी दम्याचं निदान केलं, आणि फवाऱ्याच्या औषधाने आता ते रात्री झोपू लागले होते.

आबांनी फोन ठेवला.

"घार्गे वेळेत पोहोचला," ते म्हणाले.

मला रडू आलं, कारण आमचे आबा पोहोचले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं, दोन घोट प्यायले, आणि दुसऱ्या कोणत्या गावात अजून माणसंच यंत्रासमोर खोकताहेत ते शोधायला लागले.