मुंगीला मोकळी जागा

थोरल्या भावाला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आणि धाकटी बहीण मात्र संग्रहालयाच्या बोळात कामाच्या घाईत धावताना सरळ एका रिकाम्या फ्रेममध्ये जाऊन अडकली! फ्रेम घेऊन येणारा फ्रेमवाला जागच्या जागी थबकला.

"हलू नका," तो म्हणाला. "चित्र झकास आलंय."

"आणि चित्रानं कानाखाली दिली तर?"

"तर म्हणेन... चित्रकारानं जीव ओतलाय."

ती हसली नाही. पण दिवसभर जुनं चित्र साफ करताना तिचा कापूस भलत्याच कोपऱ्यात फिरत राहिला.

ती फ्रेम त्याच चित्रासाठी होती. खाली एका नामवंत चित्रकाराची सही; पण चित्रातल्या बाईचा चेहरा, हात, शाल, सारं रंगवलं होतं धाकटीच्या आजीनं. तरुणपणी आजी त्यांच्याकडे रंग घोटायला होती. सही करायची तिला मुभा नव्हती, म्हणून तिनं अगदी कडेला एक मुंगी काढली. गुरुजी भडकले. "झाका तो डाग फ्रेमखाली!" तेव्हाच्या फ्रेमवाल्यानं मान डोलावली, आणि फ्रेमची कड नेमकी तेवढ्याच जागी तासली. मुंगी उघडी राहिली. "तुमचं नाव झाकायला माझा हात धजेना," तो आजीला म्हणाला. आजीनं लग्न त्याच्याशीच केलं.

आजोबांची ती जुनी फ्रेम आता किड्यांनी खाल्ली होती. नवी बसवून पाहिली, तर मुंगी गायब!

"माप संग्रहालयाच्या साहेबांनी दिलंय," फ्रेमवाला म्हणाला. "डाग झाकायचाय म्हणाले."

"डाग नाही तो. माझी आजी आहे." धाकटीनं कापूस खाली टाकला. तिनं त्याला सगळं सांगितलं. "रविवारी ती बघायला येतेय... डोळे आता कितीसे राहिलेत तिचे?"

त्यानं मान खाजवली, फ्रेम उचलली आणि निघून गेला. दगड मेला, ती मनात म्हणाली.

रविवारी आजी चित्रापुढे उभी राहिली. चेहऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही. सरळ कडेला वाकली. धाकटीनं डोळे गच्च मिटले.

"अगं बाई... आहे की!"

कड तेवढीच, नखाएवढी तासलेली. आणि खांबाआड तो, बोटाला पट्टी बांधून.

"इकडे ये रे," आजी म्हणाली. "साहेबांना ती झाकायची होती म्हणे, रागावले नाहीत?"

"रागावले ना, आजी. मग त्यांच्या हातात भिंग दिलं. मुंगीचे पाय बघून झाल्यावर म्हणाले, राहू दे."

आजीनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "उपकार झाले, बाबा. आयुष्यात दोनदा, दोन्ही वेळा फ्रेमवाल्याचे." मग नातीकडे वळून, "तुझं काय म्हणणं?"

"मला कुणी... विचारलंय का?"

"विचारतोय की," तो म्हणाला, "तुम्ही अडकलात त्या दिवसापासून. फक्त... तोंडानं नव्हतं."

"मग आता तोंडानं विचारा."

तो कानापर्यंत लाल झाला. "येतेस?"

"येते."

पुढच्या वर्षी लग्न झालं. आजी जुळ्यांना दोन मांड्यांवर घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. त्याच वर्षीच्या थंडीत, एका सकाळी चहा पिऊन झाल्यावर, आजी गेली. फ्रेमवाले आजोबा तिच्या नऊ वर्षं आधीच गेले होते.