ब्रेस्लाउरचा कोट

जूल, परवा तू विचारलंस ना, आजोबा, तुम्ही ज्या सिनेमात दिवे लावले तो टीव्हीवर लागला की उठून का जाता? तेव्हा तुझी आजी जागी होती, म्हणून मी विषय बदलला. आज या बागेतल्या खोपटात आपण चौघंच आहोत. तुझ्या मित्रांनाही ऐकू दे. फक्त मध्ये बोलू नका, माझा धागा तुटतो.

सिनेमा गाण्यांचा होता, पण हसरा नव्हे. बत्तीस-तेहेतीस सालचं बर्लिन. एक नाचाचा हॉल, त्यात एक गाणारी, आणि रोज रात्री हसायला येणारी माणसं. पहिल्या गाण्यात तपकिरी नाझी वर्दीवाला एकच दिसतो, कोपऱ्यातल्या टेबलावर. शेवटच्या गाण्यापर्यंत अर्धा हॉल तपकिरी झालेला असतो, आणि बाकीचा अर्धा तसाच टाळ्या वाजवत असतो. शूटिंग बर्लिनच्या आमच्या वेडिंग भागातच होतं, पांके नदीच्या काठच्या एका जुन्या हॉलमध्ये. तसलाच हॉल होता तो, खरोखरचा, त्याच काळातला. दिवसा बाहेर मोटारींचा गोंगाट असायचा, म्हणून काम रात्री. मी बावीस वर्षांचा होतो.

कपडे सांभाळायला रोझेल माटुकाट नावाच्या बाई होत्या. पन्नाशीच्या आतबाहेर, लग्न न केलेल्या, तोंडाच्या तिखट. मला म्हणायच्या, "एवाल्ड, तुझ्या पॅंटला इस्त्री कधी भेटली होती का रे, की नुसतं नाव ऐकून आहे?" त्यांचे वडील गुस्ताव, एक्क्याऐंशी वर्षांचे, त्यांच्याच घरी असत. हॉलपासून दहा मिनिटांवर. म्हातारा पूर्वी याच हॉलमध्ये लोकांचे कोट ठेवून घ्यायच्या खिडकीवर काम करायचा. हे रोझेलबाईंनी आम्हाला कौतुकाने सांगितलं होतं. म्हाताऱ्याला एकदा शूटिंग बघायला आणा, असं आम्ही म्हटलं. त्या म्हणाल्या, मी विचारलं, ते नको म्हणाले.

तर मंगळवार, वीस फेब्रुवारी, एकोणीसशे त्र्याहत्तर. त्या दिवशी संध्याकाळी रोझेलबाई आणि मी भाड्याचे चाळीस ओव्हरकोट आणायला गेलो होतो, टेम्पो घेऊन. पाऊस पडत होता. थंडी अशी नव्हतीच त्या आठवड्यात, सगळीकडे नुसता चिखल. कोट आणले, त्यांनी ते जुन्या खिडकीमागच्या खुंट्यांवर लावले आणि स्वतः खिडकीत बसल्या. तिथून सिनेमातल्या गर्दीच्या माणसांना कोट द्यायचे आणि काम झालं की परत घ्यायचे.

रात्री अकरा चाळीस. मी समोरच्या शिडीवर, दिव्याची काच बदलत होतो. वेळ नक्की सांगतो, कारण घड्याळ माझ्या नाकासमोर होतं. मला बाई एकट्या दिसल्या. त्या कोणाशी तरी बोलत होत्या. आधी नेहमीच्या फणकाऱ्यात, मग हळू. मग नुसत्याच बघत राहिल्या.

पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

एक माणूस खिडकीशी आला. काळा सूट, पांढरा टाय, बॅंडवाल्यासारखा. डोकं ओलं. म्हणाला, "माझा कोट द्या." बाईंना वाटलं, गर्दीतलाच आहे. म्हणाल्या, तुमचा नंबर? तो म्हणाला, "गुस्तावला माहीत आहे."

बाई म्हणाल्या, कोण गुस्ताव? तेव्हा त्यांना त्याचं डोकं नीट दिसलं. ओलं नव्हतं. केसांत बर्फ होतं, ताजं, भुसभुशीत. दिव्यांच्या त्या उकाड्यात ते वितळत नव्हतं.

बाई खुंट्यांकडे वळल्या. का वळल्या, त्यांनाही सांगता येईना. सवयीने, म्हणाल्या. परत बघतात तर कोणी नाही.

दिग्दर्शकाच्या सहायकाने माणसं मोजली. अडतीस बोलावली होती, अडतीस होती. काळ्या सुटातला कोणीच नाही.

त्या रात्री एक वाजता बाई घरी गेल्या. म्हातारा स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसलेला होता. झोप कमी झाली होती त्याची. बाईंनी कोट काढला, किटली ठेवली आणि झालेलं सगळं सांगितलं. त्यांना वाटलं, बाबा हसतील.

म्हाताऱ्याने पाव कापायचा थांबवला. म्हणाला, "ब्रेस्लाउर."

आणि मग त्याने सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. बाई म्हणाल्या, बाबांचा आवाज असा होता, जणू कोणी बाजारातल्या बटाट्यांबद्दल बोलतंय.

आर्नो ब्रेस्लाउर पियानो वाजवायचा. मध्येच स्वतः रचलेल्या चार ओळी म्हणायचा, वर्दीवाल्यांवर. लोक पोट धरून हसायचे. तेहेतीसच्या फेब्रुवारीत एका रात्री, कार्यक्रम चालू असताना, चौघे वर्दीवाले आले आणि त्याला उठवून मागच्या दाराकडे घेऊन गेले. बॅंड थांबला नाही. पियानोशिवाय वाजवत राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"खिडकीवरूनच नेलं त्याला," म्हातारा म्हणाला. "तो थांबला. म्हणाला, गुस्ताव, कोट दे. बाहेर फार थंडी आहे. मी कोट खुंटीवरून काढला. माझ्या हातात होता. त्यातल्या एकाने माझ्याकडे बघून मान हलवली. एवढीच. नाही म्हणून."

"मग?"

"मग काय. मी हातात धरून उभा राहिलो."

सकाळी ब्रेस्लाउर पांकेच्या काठावर सापडला. शर्टावर. थंडीनेच गेला होता, मारलं फारसं नव्हतं. कोट न्यायला कोणी आलं नाही. महिनाभर वाट बघून म्हाताऱ्याने तो घरी आणला.

"तो कोट कुठाय, बाबा?"

म्हाताऱ्याने लेकीकडे बघितलं. "तू घातलास. तुझ्या आईने कापून लहान केला. चौथीपर्यंत तोच होता तुला."

रोझेलबाईंना तो कोट आठवत होता. काळा, कॉलर मेंढीच्या कुरळ्या लोकरीची. वर्गात तसली कॉलर कोणाकडेच नव्हती. त्या मिरवायच्या. हे मला सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी विचारलं, तुम्हाला काय वाटलं? म्हणाल्या, काहीच नाही रे. किटली उकळत होती, ती मी उतरवली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, त्या वेळेवर कामाला आल्या. भाड्याच्या कोटांतला सगळ्यात चांगला कोट बाजूला काढून त्यांनी खिडकीत ठेवला. मला म्हणाल्या, "हा कोणाला देऊ नकोस." मी विचारलं नाही.

शेवटचं गाणं होतं त्या रात्री. सगळी दारं बंद. आवाज करायचा नाही, हलायचं नाही, गाणं संपेपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही.

गाणं सुरू झालं... आणि तो आला.

बाईंनी कोट पुढे केला. दोन्ही हातांनी, खांदे धरून, घालायला देतात तसा.

त्याने बघितला. हात लावला नाही.

"हा माझा नाही."

बाई कुजबुजल्या, तो राहिला नाही हो... तो आम्ही...

त्याने बाईंच्या मागच्या खुंट्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाला, "असू दे. मी गुस्तावलाच घरी जाऊन विचारतो."

आणि खिडकीसमोर कोणी नव्हतं.

मी त्यांना बघितलं तेव्हा त्या कोट धरून उभ्या होत्या. दार वीस पावलांवर. दारात सहायक, ओठांवर बोट ठेवून. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. नाही म्हणून.

आणि त्या उभ्या राहिल्या.

साडेचार मिनिटं. गाणारी गात होती. अडतीस माणसं हसत होती, टाळ्या वाजवत होती. दिवे माझे होते. मी ते हलू दिले नाहीत. तीच साडेचार मिनिटं सिनेमात आहेत.

गाणं संपलं तशा त्या धावत सुटल्या. कोट न घालता, पावसात. मी मागे. जिना चढलो. दार आतून बंद होतं, कडी लावलेली. बाईंनी हाका मारल्या. शेवटी मीच खांदा मारून उघडलं.

स्वयंपाकघर गरम होतं. शेगडीत कोळशाच्या विटा लालभडक होत्या. मला घाम फुटला.

म्हातारा खुर्चीत होता. जिवंत. हात मांडीवर, तळवे वर.

"बाबा... कोणी आलं होतं?"

म्हाताऱ्याने नुसतं आपल्या हातांकडे बघितलं.

बाईंनी त्याचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. मी धरला. जूल, मी आयुष्यभर लोखंड हाताळलंय, जानेवारीत, उघड्यावर. तसलं गार मला पुन्हा कधी लागलं नाही. बोटं पांढरी होती, मेणासारखी. टोकं निळी.

"दुखतंय का हो?" मी विचारलं.

"नाही," म्हातारा म्हणाला. "काही कळत नाही."

दवाखान्यात त्या रात्री एक तरुण डॉक्टर होता. त्याने बोटं बघितली, दाबून बघितली, मग आमच्याकडे बघितलं. चिडला होता. या वयाच्या माणसाला बाहेर कोणी सोडलं, म्हणाला. किती तास होते बर्फात?

बाई खिडकीकडे बघत राहिल्या. काचेवरून पाऊस ओघळत होता.

मी म्हणालो, डॉक्टर, ते घरातच होते. शेगडीपाशी.

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. कागदावर लिहिलं, हिमदंश, दोन्ही हात. आणि शुक्रवारी सकाळी म्हाताऱ्याची सात बोटं काढली.