सीटखालचा सिलिंडर

प्रेम म्हणजे आग, असं आजवर झाडून सगळ्या थोर लोकांनी सांगून ठेवलं आहे. ती आग वायरिंगची की तेलाची, हे मात्र त्यांतल्या एकानेही सांगितलेलं नाही; आणि ते कळल्याशिवाय पाणी मारू नये, असा नियम आहे. त्यामुळे या विषयात पुष्कळ लोक पोळले, आणि उरलेल्यांनी लग्नं केली.

आपल्या गोष्टीतली आग तर आगसुद्धा नव्हती. वाफ होती.

चौकातला सिग्नल लाल होता आणि ड्रायव्हिंग स्कूलची एक म्हातारी गाडी सगळ्यांत पुढे उभी होती. स्टिअरिंगवर दातांचे एक डॉक्टर होते. दुसऱ्यांच्या तोंडात ते निर्धास्त हात घालत, पण गिअरला हात लावायचा म्हटलं की त्यांना घाम फुटे. शेजारच्या सीटवर ती बसली होती. तिच्या पायाशी शिकवणाऱ्यांसाठी असतो तो जादा ब्रेक होता, आणि तो ती इतक्या मनापासून वापरायची की सगळे शिकाऊ तिला ब्रेकताई म्हणत.

बॉनेटच्या फटीतून पांढरे लोट निघायला लागले.

"ताई, हे माझ्यामुळे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही हो. रेडिएटर तापलाय. इंजिन बंद करा आणि शांत बसा."

असं म्हणून ती बघायला खाली उतरली, आणि तिथेच चुकलं. मागच्या गाडीतून एक उंच, कडक इस्त्रीचा माणूस आग विझवायचा लाल सिलिंडर छातीशी धरून धावत येत होता. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तसा आनंद प्रसूतिगृहाबाहेर बसलेल्या बापांच्या चेहऱ्यावर दिसतो.

"लांब व्हा! सगळे लांब व्हा!"

"अहो, थांबा—"

तो थांबला नाही. फस्स... असा मोठा आवाज झाला. पावडरचा ढग उठला, चौक दिसेनासा झाला, आणि दिसू लागला तेव्हा गाडी, रस्ता आणि ब्रेकताई एकाच रंगाचे झाले होते.

"विझली," तो धापा टाकत म्हणाला.

"काय विझलं?"

"आग."

"वाफ होती ती!"

"...वाफ?"

"पाणी तापलं की होते ती. तुमच्या घरी चहा करत नाहीत का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. पांढऱ्याफेक चेहऱ्यात दोन काळे, संतापलेले डोळे... धोकादायक परिस्थितींचा त्याचा अभ्यास दांडगा होता. ही परिस्थिती अभ्यासक्रमात नव्हती.

"तुम्ही करता तरी काय?" तिने विचारलं.

"फायर सेफ्टी ऑफिसर आहे. एका दहा मजली ऑफिसात."

"आणि तुम्हाला आग ओळखता येत नाही?"

तो कावराबावरा झाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "खरं सांगू? मी अजून एकही पाहिलेली नाही."

ते खरं होतं. तो कामात इतका चोख होता की त्याच्या इमारतीत कधी काही पेटलंच नाही. कोणाच्या प्लगमधून वास आला की हा तिथे हजर. लोक त्याला भोंगासाहेब म्हणत, कारण दर काही आठवड्यांनी तो सराव म्हणून भोंगा वाजवायचा, लिफ्ट बंद करायचा आणि सगळ्यांना जिन्याने खाली आणून उन्हात उभं करायचा. आयुष्यात एक, फक्त एक खरी आग विझवावी, एवढीच त्याची इच्छा होती. इतकी साधी इच्छा, पण चारचौघांत बोलून दाखवायची सोय नाही.

"मी उतरू का?" गाडीतून डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

*

सिलिंडरची पावडर इंजिनात राहिली की धातू खाते, म्हणून ती कणाकणाने काढावी लागते. ते काम त्याने अंगावर घेतलं. संध्याकाळी ऑफिस सुटलं की तो ब्रश आणि हवेचा पंप घेऊन तिच्या घराच्या शेडमध्ये यायचा. गाडी लवकरच स्वच्छ झाली. तरी त्याला रोज कुठेतरी एखादा कण सापडायचा... आणि गंमत म्हणजे, तिलाही तो दिसायचा.

"तिथे बघा, बॅटरीच्या मागे," ती म्हणायची.

"हो की. बराच आहे."

तिच्या बाबांनी सगळी नोकरी बस चालवण्यात घातली होती, आणि आता घर चालवताना त्यांना वाटायचं की मागे कोणी बसलेलंच नाही. ऐकून घेणारा माणूस मिळाल्यावर ते खुलले.

"आमच्या बसमध्ये कधी ठिणगी उडाली नाही," ते सांगायचे. "का? सांग का?"

"का, बाबा?"

"नशीब!"

यावर सेफ्टी ऑफिसरने काय बोलायचं? तो मान डोलवायचा. एकदा बाबांनी उन्हाळ्याची सोय म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर स्वतःच्या हाताने एक छोटा पंखा बसवला. वायर थेट बॅटरीपासून आणली. त्याने ती पाहिली. मध्ये फ्यूज नव्हता.

"बाबा, इथे एक... म्हणजे फ्यूज..."

"फ्यूज घाबरटांसाठी असतो!"

तिसऱ्या मजल्यावरच्या बड्या साहेबाची किटली उचलून जप्त करणारा हा माणूस. पण बाबांच्या मागे ती दारात उभी होती, हसत होती, आणि घाबरट ठरायची त्याची तयारी नव्हती. तो म्हणाला, "वारा छान येतोय."

दुसऱ्या दिवशी मात्र तो लाल कागदात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आला. तिने कागद काढला. आत आणखी लाल. छोटा, नवा कोरा, गाडीत ठेवायचा सिलिंडर.

"लोक फुलं आणतात," ती म्हणाली.

"फुलं पेट घेतात."

"कुठे ठेवू हा? डिकीत?"

"डिकीत? बॅगांखालून काढेपर्यंत गाडीचा सांगाडा उरेल. सीटखाली ठेवायचा, पट्ट्याने आवळून. मोकळा ठेवलात तर घरंगळत ब्रेकखाली जाईल."

ब्रेकचं नाव निघताच ती गंभीर झाली. "आवळा," ती म्हणाली.

मग त्याने तिला वापरायचा कसा ते शिकवलं. पिन ओढायची, नळी आगीच्या मुळाशी रोखायची, दाबायचं आणि झाडू मारल्यासारखं डावी-उजवीकडे फिरवायचं. पिनेवर तिचं बोट होतं, बोटावर त्याचं.

"ओढू का?"

"नको... सराव आहे."

"मग तुम्ही हात का काढत नाही?"

"सराव आहे," तो पुन्हा म्हणाला.

पावडर तळाशी बसते, म्हणून सिलिंडर मधूनमधून उलटा करून हलवावा लागतो. त्यासाठी तो फोन करायचा. "हलवला का? दाबाचा काटा हिरव्यात आहे ना?" दुसरा माणूस 'जेवलीस का' ज्या सुरात विचारतो, त्याच सुरात. ती मुद्दाम म्हणायची, "हलवला नाही बाई. हात दुखतोय." की हा अर्ध्या तासात दारात.

*

असं सगळं हिरव्यात चाललं होतं आणि एका संध्याकाळी तो ब्रश न घेता आला.

"मला नोकरी चालून आलीय," तो म्हणाला. "दुसऱ्या शहरात. तेलाच्या डेपोत, फायर ऑफिसर म्हणून."

"तिथे आग लागते?"

"लागते," तो म्हणाला. समुद्र दिसतो, असं घराबद्दल सांगावं तसं.

ती काच पुसत होती. पुसलेलीच काच पुन्हा पुसायला लागली.

"मग जा ना," ती म्हणाली.

"जाऊ?"

"मी कोण अडवणार?"

तो थोडा वेळ उभा राहिला. तिने अजून एक शब्द बोलावा म्हणून उभा होता. ती अजून एक शब्द विचारला जावा म्हणून काच पुसत होती. अशा रीतीने दोन शहाणी माणसं एका काचेच्या दोन बाजूंना गप्प राहिली, आणि काच मात्र लख्ख झाली.

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फोनवर होकार द्यायचाय," एवढं सांगून तो गेला.

त्यानंतर फोन आला नाही. सिलिंडर तीच हलवायची. रोज.

"तू त्या पोराला थांबवलं का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"मी फक्त शिकाऊंना थांबवते."

"अगं, मग तो कोण आहे?"

शुक्रवारी दुपारी तिने डॉक्टरांचा धडा रद्द केला आणि गाडी काढली. उकडत होतं, म्हणून पंखा लावला. वाटभर ती वाक्य घोळवत होती. "हे बघा, मला वाटतं..." छे. "तुमचा निर्णय तुमचा आहे, पण..." हे तर सरकारी. "नका जाऊ." बरोबर. दोनच शब्द. पण नेमका त्या दोन शब्दांपाशी मनाचा ब्रेक लागायचा आणि वाक्य पुढे जायचं नाही.

इमारतीपाशी पोचली तर अख्खं ऑफिस खाली उन्हात उभं. त्याने जाण्याआधीचा शेवटचा सराव ठेवला होता. हातात कर्णा घेऊन तो सांगत होता, "धावू नका, ढकलू नका..." तिला पाहिलं आणि वाक्य तिथेच राहिलं.

तिने गाडी थांबवली. आणि डॅशबोर्डखालून धूर आला. काळा. त्याला जळक्या रबराचा वास होता, आणि मागोमाग पंख्याच्या वायरीवरून एक पिवळी जीभ वर आली.

"वा!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "या वेळी सरावावर खर्च केलाय हं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिने इंजिन बंद केलं. खाली उतरली. सीटखाली हात घातला, पट्टा सोडला. पिन ओढली, नळी मुळाशी रोखली, दाबलं, फिरवलं. फस्स... पांढरा ढग. पिवळी जीभ आत गेली ती पुन्हा आली नाही. तरी ती नळी रोखून उभी राहिली, कारण विझलेली आग पुन्हा पेटू शकते असं कोणीतरी तिला बोटावर बोट ठेवून शिकवलं होतं.

टाळ्या वाढल्या.

तो जागचा हलला नव्हता. कर्णा तोंडाशी तसाच.

"अहो," ती म्हणाली. तिच्या पापण्या पुन्हा पांढऱ्या झाल्या होत्या. "आयुष्यभर जिची वाट पाहिलीत, ती तुमच्या दारात आली होती. आग! काय करत होतात?"

"तुम्ही बाहेर पडलात का, ते बघत होतो." त्याचा आवाज दहाही मजल्यांवर आदळून परत आला. कर्णा चालूच होता, आणि ते त्याच्या लक्षात नव्हतं.

"पडले होते की. समोरच उभी होते."

"हो. मग तेच बघत राहिलो."

गर्दी एकदम शांत झाली. इतकी शांतता त्याच्या कोणत्याही सरावात कधी मिळाली नव्हती.

"त्या वायरीला फ्यूज नव्हता," तो म्हणाला. "मला माहीत होतं. तुमच्या बाबांना वाईट वाटेल, तुम्ही हसाल... म्हणून गप्प बसलो. तुम्हाला काही झालं असतं तर..." कर्णा खरखरला. "मी डेपोत जाऊन काय करू? माझ्याच्याने आगीकडे बघणंसुद्धा झालं नाही. तुम्ही असलात की मला दुसरं काही दिसत नाही."

"डेपोत मी नसणार," ती म्हणाली. "तिथे आग छान दिसेल."

"म्हणूनच जायचं नाहीये."

तिने रिकामा सिलिंडर खाली ठेवला. नाकावरची पावडर पुसली, ती गालावर गेली.

"मी जा म्हणाले ते खोटं होतं," ती म्हणाली. "तुम्ही अजून एकदा विचाराल असं वाटलं होतं. तुम्ही विचारलं नाही, आणि मी... काच पुसत बसले. आता सांगते. नका जाऊ."

"नाही जात."

"मग त्या डेपोवाल्यांना फोन करा."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर."

त्याने खिशातून फोन काढला. तिने त्याचा दुसरा हात आपल्या हातात घेतला. पांढरा हात, इस्त्रीची बाही... बाही पांढरी झाली, आणि त्या कडक माणसाने ती झटकली नाही. पलीकडे फोन वाजत होता. सगळं ऑफिस श्वास रोखून ऐकत होतं. कोणाचे तरी डोळे पाणावले. ते धुरानेही असेल.

तेवढ्यात नवव्या मजल्यावरच्या हिशेबनीस बाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि गुडघ्यावर हात ठेवून अगदी मायेने म्हणाल्या,

"साहेब, फार छान झालं हो. आता तेवढी लिफ्ट चालू करता का?"