कापेम्ब्वा सरांचं हिरवं घर

रंगाच्या दुकानात मी ब्रशचे केस चाचपून बघत होते, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "गडद हिरवा द्या. दाट झाडीतला असतो तसा. चकाकी अजिबात नको. सगळ्या खोल्यांना... आणि छतालासुद्धा."

मला हसूच फुटलं. आठ वर्षं मी आमच्या कासामा गावात घरं रंगवतेय. ऑक्टोबरच्या या उन्हात जो तो पांढरा मागतो, फार तर सायीचा रंग.

"छतालासुद्धा? अहो, घर आहे की बाटली?"

ते वळले. रुंद काठाची टोपी, काळा चष्मा, लांब बाह्या. टोपीखालून डोकावणारे पिवळट केस आणि फिकट, उन्हानं लालसर झालेले गाल. जन्मापासूनच कातडीला रंग नसलेली माणसं असतात, त्यांच्यातले.

"बाटलीच समजा," ते शांतपणे म्हणाले. "रंगवणार आहात, की नुसत्याच हसणार?"

"हसणं फुकट. रंगवायचे पैसे पडतील."

"मग दोन्ही चालेल."

हे कापेम्ब्वा सर. बदली होऊन नुकतेच आले होते, शाळेत गणित शिकवायचे.

झोपायच्या खोलीपासून सुरुवात केली. मी रोज कुरकुरायचे – दिवसा दिवा लावावा लागेल, पाहुणे दारातूनच पळतील. ते म्हणायचे, "पळू देत." चौथ्या दिवशी रंगाचा दुसरा हात वाळला. दुपारी सर शाळेतून आले, खोलीत शिरले आणि जमिनीवरच बसले. टोपी काढली. मग... अगदी सावकाश, चष्मा.

राखाडी निळे डोळे. किंचित थरथरणारे.

"पांढऱ्या भिंतीवरून उजेड आला की डोळ्यांत सुया टोचतात," ते म्हणाले. "आजवर घरातसुद्धा चष्मा लावून जेवलोय मी." मग माझ्याकडे बघत राहिले. "अशा दिसता होय तुम्ही!"

"कशी?"

"नाकावर हिरवा ठिपका आहे. बाकीचं... जरा जवळ या. मला लांबचं नीट दिसत नाही."

"लबाड आहात!" मी म्हणाले. पण दोन पावलं पुढे गेलेच.

त्यानंतर काम का कोण जाणे, रेंगाळायला लागलं. बैठकीच्या खोलीला मी तिसरा हात द्यायला घेतला. सर दुपारी मक्याच्या पिठाचा घट्ट नशिमा आणि दाण्याच्या कुटातली पालेभाजी करायचे, मला हाक मारायचे.

"तिसरा हात कशाला, म्वेन्याबाई?"

"रंग बसायला नको?"

"बसलाय की," ते म्हणाले. भिंतीकडे न बघता.

मग एक दिवस माझी आत्या तिथंच आली. आईवडिलांमागे तिनंच मला वाढवलं. गावात कुजबुज झाली असणार. दारातच थबकून म्हणाली, "ही तर गुहा आहे गं! इथं जन्म काढणार? आणि उद्या मुलं याच्यासारखी झाली तर?"

मागे सर चहाचे कप घेऊन उभे होते. त्यांनी कप खाली ठेवले, चष्मा लावला.

"बरोबर बोलताय तुम्ही," ते आत्याला म्हणाले. "माझं लग्न ठरलं होतं एकदा. असं अंधारं घर तिलाही नको होतं. तिची चूक नव्हती." मग माझ्याकडे वळले. "स्वयंपाकघर तेवढं राहिलंय. ते पांढरं करा. तुम्हाला आवडतं तसं. मी... चष्मा लावून बसेन तिथे."

मी ब्रश गुंडाळले आणि आत्याबरोबर निघाले. उजेड मला खरंच आवडतो. दोन दिवस मी गेलेच नाही. आमच्या पांढऱ्याशुभ्र ओसरीत बसले, तर सारखं वाटत राहिलं, इथं ते माझ्याकडे बघूच शकणार नाहीत.

तिसऱ्या सकाळी गेले. स्वयंपाकघरात पांढऱ्या रंगाचा नवाकोरा डबा ठेवलेला. मी तो उचलून बाहेर नेला आणि हिरव्याचं झाकण उघडलं.

"अहो, पण..."

"उजेड हवासा वाटला तर अंगणात जाईन. अंगण कुठं पळून जातंय? पण जेवताना समोरच्याचे डोळे मला दिसायला हवेत."

ते दाराला टेकून उभे राहिले. "आणि मुलं? आत्या म्हणाल्या तशी..."

"झाली तर टोप्या शिवू. चार."

"चार?"

माझे कान तापले. "तुम्ही गणिताचे ना? नंतर मोजा. आधी तो ब्रश द्या इकडे."

ते हसले. ब्रश देताना त्यांची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली... आणि मीही हात काढला नाही.

रविवारी त्यांचा मध्यस्थ मागणीचं झाकलेलं ताट घेऊन आमच्याकडे आला. नकार असेल तर ताट तसंच परत पाठवतात. आत्या कितीतरी वेळ ताटाकडे बघत बसली. मी दाराआड उभी.

शेवटी तिनं ताट उचललं आणि आत घेऊन आली.

"चुलीपाशी एक दिवा लावून घे हो," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "नाहीतर भाजी करपलेली कळायची नाही तुला."