एकशे दहा ग्रॅमचा घोटाळा

चौदावा चेंडूही झिपरीच्या बॅटवरून सटकला आणि मागच्या जाळीत धपकन जाऊन बसला. बॅटच्या ओढीने अर्धी गिरकी घेत झिपरी कशीबशी थांबली. "कोपर वर!" पलीकडून सर ओरडले. गेल्या नऊ दिवसांत त्यांनी हे इतक्यांदा सांगितलं होतं की झिपरी आता जेवतानाही कोपर वर धरायला लागली होती.

कितीही विंचरले तरी न बसणारे केस, म्हणून ती झिपरी. दर सुट्टीत ती मामाकडे यायची आणि मामाच्या घरामागच्या मैदानावर सॉफ्टबॉलच्या शिबिरात खेळायची. गेल्या वर्षी तिचे फटके असे जोरदार होते की कुंपणापलीकडच्या गॅरेजवाल्याला दोनदा काम सोडून चेंडू परत द्यायला यावं लागलं होतं. यंदा मात्र तिचं सगळंच बिनसलं होतं. बाहेरगावच्या स्पर्धेसाठी रविवारी चौदा मुली निवडायच्या होत्या, आणि आज बुधवार होता.

कट्ट्यावर बसून दोघं जण तिच्याकडे बघत होते. एक तिचा मामेभाऊ, वय वर्षं तेरा. त्याला घरचे प्रोफेसर म्हणत, कारण दुरुस्त करतो म्हणून त्याने उघडलेल्या तीन घड्याळांपैकी एकही पुन्हा चाललं नव्हतं. दुसरी शेजारची रेडिओ. ती का रेडिओ, हे तिच्याजवळ दोन मिनिटं बसलं की कळायचं. तिची धाकटी बहीण बटण शिबिरात होती. बटण दहा वर्षांची होती, पण दिसायची सातची. तिला आणायला-पोचवायला रेडिओ रोज यायची आणि सगळ्यांच्या खेळावर मोफत समालोचन करायची.

आज मात्र समालोचन बंद होतं. झिपरी त्यांच्याकडे न बघताच घरी निघून गेली.

संध्याकाळी प्रोफेसर खोलीत डोकावला, तर झिपरी कपड्यांच्या घड्या करून बॅगेत भरत होती. मामी दारात उभी राहून तिची समजूत काढत होती. झिपरीचं म्हणणं एवढंच होतं की उद्या सकाळच्या गाडीने घरी जायचं. आपल्याला खेळता येतं असं आपल्याला उगाच वाटत होतं, गेल्या वर्षी नशिबाने फटके बसले, असं ती म्हणाली. आवाज शांत होता. तिने आदळआपट केली असती तर प्रोफेसरला इतकं वाईट वाटलं नसतं.

"मला एक दिवस दे," तो म्हणाला. "एकच. उद्या रात्रीपर्यंत मला काही सापडलं नाही, तर तुझी बॅग मी स्वतः उचलून गाडीत ठेवीन."

त्याच्याकडे दोन चित्रफिती होत्या. एक गेल्या वर्षी मामाने काढलेली, दुसरी त्याने स्वतः दुपारी मोबाइलवर घेतलेली. दोन्ही बाजूनेच काढलेल्या होत्या. त्याने त्या कॉम्प्युटरवर घेतल्या, मामीकडून बटर पेपर मागून पडद्यावर चिकटवला आणि चित्र एकेक पाऊल पुढे सरकवत बॅटचं टोक जिथे दिसेल तिथे टिंब काढायला सुरुवात केली. गेल्या वर्षीची टिंबं लाल, यंदाची निळी. रेडिओ शेजारी बसून टिंबं मोजत होती. झिपरी लांब पलंगावर पाठ करून बसली होती, पण तिचे कान इकडेच होते.

पहिली चार टिंबं एकावर एक बसली. पुढचा पाय टेकला, कंबर वळली, हात खांद्याजवळून निघाले. दोन्ही वर्षी अगदी सारखं. पाचव्या टिंबापासून मात्र वाटा वेगळ्या झाल्या. लाल टिंबं सरळ चेंडूकडे गेली. निळी टिंबं ओल्या कपड्यांनी वाकलेल्या दोरीसारखी खाली झोल खाऊन मग वर आली, आणि ती वर येईपर्यंत चेंडू निघून गेलेला.

"म्हणजे सुरुवात बरोबर आहे," प्रोफेसर म्हणाला. "मग मध्येच काय होतं?"

रेडिओने स्वयंपाकघरामागून फरशी पुसायच्या मॉपची काठी काढून आणली आणि झिपरीच्या हातात दिली. झिपरीने नाही-नाही म्हणत अंगणात जाऊन ती पाच वेळा फिरवली. प्रोफेसरने तेही टिपलं आणि पुन्हा टिंबं काढली. या वेळची टिंबं थेट लाल टिंबांवर जाऊन बसली.

मग झिपरी पडद्याजवळ आली आणि तिने बोटाने ती लाल रेघ सावकाश गिरवली. "मला येतंय," ती हळूच म्हणाली. "मला अजून येतंय."

दोष बॅटमध्ये होता, एवढं आता कळलं होतं. ते सांगितल्यावर रेडिओला आठवलं की बटणचं मनगट चार दिवस दुखतंय. आईने पट्टी बांधली होती आणि पलंगावरून पडली असेल असं धरून चालली होती.

गुरुवारी सकाळी तिघं सरांकडे गेली. सर मोबाइलवर कुणाशी तरी स्पर्धेच्या बसबद्दल बोलत होते. त्यांनी कागदाकडे नजर टाकली न टाकली आणि खेळणाऱ्याने आपला दोष बॅटवर ढकलू नये, असं सांगून त्यांना वाटेला लावलं. शिबिरात दोघी-तिघींत एक अशी, मुठीवर क्रमांक चिकटवलेली बॅट ठरवून दिलेली होती, ती बदलता येणार नव्हती.

मग ती तिघं स्टोअरकाकांकडे गेली. शिबिर भरवणाऱ्या क्लबचं सगळं सामान त्यांच्या ताब्यात होतं. दोन पिंपांत आठ-आठ बॅटी उभ्या होत्या. एक पिंप मुलींचं, एक मोठ्या ताईंच्या संघाचं. सगळ्या बॅटी एकाच लांबीच्या आणि नखशिखांत निळ्या. कुंपण रंगवून उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून काकांनी सुट्टीआधी सगळ्या बॅटी रंगवून टाकल्या होत्या. छान दिसतात ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. बॅटींवर वजनाचे छापील आकडे होते ना, असं प्रोफेसरने विचारलं, तेव्हा काका म्हणाले की हो, होतं काहीतरी बारीक-बारीक. पण बॅटींना हात लावायची परवानगी मात्र त्यांनी दिली नाही. शनिवारी क्लबचे सेक्रेटरी स्टोअर बघायला येणार होते, आणि काकांना सोळा बॅटी सोळाच्या सोळा जागेवर हव्या होत्या.

सेक्रेटरी येणार म्हटल्यावर रेडिओचं तोंड सुरू झालं. स्टोअर किती मोठं आहे, काका एकटे किती करणार, कोपऱ्यात जाळी झालीत, आम्ही रिकामेच आहोत, आम्ही झाडून-पुसून देतो, बॅटीसुद्धा बाहेर नेऊन पुसून आणतो. काका विरघळले. दुपारी दोन ते चार ते तसेही खुर्चीत डोळे मिटून बसायचे.

तिघांनी स्टोअर खरंच झाडलं. फसवायचं असलं तरी काम अर्धवट सोडायचं नाही, असं झिपरीचं मत पडलं. मग हातगाडीत सोळा बॅटी घालून ती तिघं आणि बटण मागच्या गल्लीतल्या पार्सल कचेरीत पोचली. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून गाडीकडे बघितलं.

"कुठे पाठवायच्यात?"

"कुठेच नाही," प्रोफेसर म्हणाला. "फक्त वजन हवंय. बाई, हिचं मनगट सुजलंय, आणि का ते आम्हाला शोधायचंय."

बटणने पट्टी बांधलेला हात वर करून दाखवला. बाईंनी एकदा मागे रांग आहे का बघितलं, मग खिडकीशेजारचं दार उघडून त्यांना आत घेतलं. त्या एकेक बॅट काट्यावर ठेवत आकडा वाचत गेल्या आणि झिपरीने तो बॅटच्या बुडाला खडूने लिहिला. तिसऱ्या बॅटनंतर बाईंनाही उत्सुकता वाटायला लागली. सोळा बॅटींत दोनच आकडे निघाले, पाचशे चाळीस ग्रॅम आणि सहाशे पन्नास ग्रॅम. मुलींच्या आठ बॅटींपैकी पाच जड होत्या. ताईंच्या आठपैकी पाच हलक्या. झिपरीची जड. बटणची जड.

रंगवून वाळवल्यावर काकांनी बॅटी भराभर पिंपांत भरल्या होत्या, आणि मुलींच्या हलक्या आणि ताईंच्या जड बॅटी एकमेकींत मिसळल्या होत्या. ज्या मुलींना जड बॅट मिळाली होती, त्यांच्यातल्या बऱ्याच जणी पहिल्यांदाच शिबिराला आलेल्या, म्हणून कुणाला काही वेगळं वाटलंच नाही.

आता सरांना हे पटवायचं होतं, आणि सर ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. पण त्यांना करून दाखवायला आवडायचं. शुक्रवारी शिबिर सुटल्यावर प्रोफेसर मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला आणि अदबीने म्हणाला की सरांचा फटका चित्रित करून ठेवायचाय, म्हणजे मुलींना कोपर कसं असावं ते रोज बघता येईल. सरांनी शर्ट नीट केला. झिपरीने त्यांना मुलींच्या पिंपातली एक हलकी बॅट दिली. सरांनी झकास फटका फिरवून दाखवला. मग तिने दुसरी दिली, स्वतःची. ती पहिलीसारखीच निळी, तेवढीच लांब.

सरांनी फटका सुरू केला आणि मध्येच थांबवला. त्यांनी बॅटकडे बघितलं. दोन्ही हातांत दोन बॅटी घेऊन डोळे मिटले. मग बॅट उलटी करून बुडावरचा खडूचा आकडा वाचला.

"ही कुणाची?"

"माझी, सर."

सर तिथेच कट्ट्यावर बसले आणि त्यांनी प्रोफेसरकडून तो बटर पेपर मागून घेतला. या वेळी त्यांनी एकेक टिंब बघितलं. दहा-अकरा दिवस आपण या मुलीवर ओरडतोय आणि एकदाही तिची बॅट आपण हातात घेतली नाही, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं. बटणला जवळ बोलावून त्यांनी तिचं मनगट हलक्या हाताने तपासलं, ती बरी होईपर्यंत तिला खेळायला बंदी केली आणि तिच्या आईला फोन करून चूक आपली असल्याचं सांगितलं. स्टोअरकाका धावत आले. त्यांचा चेहरा इतका उतरला की रेडिओनेच त्यांची समजूत घातली. त्याच संध्याकाळी काकांनी रॉकेल आणि चिंध्या घेऊन बॅटी घासायला घेतल्या. छापील आकडे काही पुन्हा नीट दिसेनात, तेव्हा त्यांनी प्रत्येक बॅटवर मोठ्या अक्षरांत वजन लिहिलं. सेक्रेटरींनाही सगळं आपणच सांगू, असं ते म्हणाले.

सगळ्यांना वाटलं, संपलं. पण शनिवारी सकाळी हलकी बॅट हाती येऊनही झिपरीचे चेंडू बाहेरच जात राहिले. तिला रडू येईल असं वाटायला लागलं. प्रोफेसरने चित्रफीत काढली, टिंबंही काढली. टिंबं सरळ होती, तरी कारण त्याला सापडेना.

ते सरांना सापडलं. त्यांनी चित्र थांबवून झिपरीच्या मागच्या पायावर बोट ठेवलं. जड बॅट ओढून ओढून तिचं अंग मागे रेलायला शिकलं होतं, आणि बॅट वेळेवर पोचावी म्हणून ती फटका लवकर सुरू करत होती. आता बॅट हलकी झाली होती, पण अंगाला ते अजून कळलं नव्हतं. सरांनी सरावाच्या कमरेएवढ्या रबरी खांबावर चेंडू ठेवला आणि तिला एकच सांगितलं, की फटक्यानंतर मागची टाच उचललेली दिसली पाहिजे. कोपराचं नावही काढलं नाही. उन्हात दोन तास ते स्वतः खांबावर चेंडू ठेवत राहिले. दीडशेएक चेंडूंनंतर टाच आपोआप उचलायला लागली.

रविवारी झिपरीला पाच चेंडू मिळाले. पहिला हुकला. दुसरा दोन मुलींच्या मधून सरपटत गेला. तिसरा, चौथा आणि पाचवा इतके लांब गेले की मागे उभ्या मुलींना वळून पळावं लागलं. मामा आणि मामी खुर्च्यांवरून उठून उभे राहिले होते.

यादीत तिचं नाव सहावं होतं. नावं वाचून झाल्यावर सरांनी पालकांसमोर घडलं ते सगळं सांगितलं, स्वतःची चूक न लपवता. "या मुलांनी माझं काम केलं," ते म्हणाले, "आणि नीट केलं. मी त्यांचा ऋणी आहे." मग त्यांनी झिपरीला दोन शब्द बोलायला सांगितलं.

झिपरी उभी राहिली. सरांनी काल उन्हात खांबावर चेंडू ठेवले त्याबद्दल तिने आधी त्यांचे आभार मानले, आणि ते तिने मनापासून मानले. मग ती कट्ट्याकडे वळली.

"मी घरी निघाले होते," ती म्हणाली. "मला खेळता येत नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं. या दोघांना ते पटलं नाही. आभार कसे मानायचे ते मला कळत नाहीये."

तिने पुढे जाऊन दोघांचे हात धरले आणि त्यांना निवडलेल्या मुलींच्या रांगेत आपल्या दोन्ही बाजूंना आणून बसवलं. बटणला मांडीवर घेतलं. चौदा मुलींच्या रांगेत सतरा जण झाले, आणि सरांनी फोटो तसाच काढायला सांगितला.