व्हिओलाच्या खुर्चीतला कंडक्टर

सदाशिव पेठेतल्या त्या शाळेच्या सभागृहात द्वारका शिरली तेव्हा तिची ओढणी भिजून चिंब झाली होती. व्हायोलिनची पेटी मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडी ठणठणीत. बाहेर भाद्रपदातली भुरभुर चालू होती आणि छत्री ती आदल्या दिवशी हिंजवडीहून येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये विसरली होती.

आत एक उंच, सावळा तरुण लोखंडी खुर्च्या अर्धगोलात मांडत होता. बाकी कुणीच नव्हतं.

द्वारका मूळची यवतमाळची. नागपूरला इंजिनिअरिंग करताना रेल्वेतल्या एका निवृत्त बँडमास्तरांकडे ती व्हायोलिन शिकली, मग नोकरीसाठी पुण्यात आली. इथे हौशी मंडळींचा एक पाश्चात्त्य वाद्यवृंद आहे, रविवारी सकाळी तालीम असते, असं ऑफिसातल्या हुसेनने सांगितलं होतं. तो त्यात व्हिओला वाजवायचा. व्हिओला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, अंगाने जरा मोठा आणि आवाजाने घोगरा.

गप्प बसणं द्वारकाला कधी जमलं नव्हतं. खुर्च्या सरकवायला हात लावता लावता तिने त्या तरुणाला इथला कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून हातांनी वाद्यवृंद चालवणारा, कसा आहे ते विचारलं. वर बँडमास्तरांचं मतही ऐकवलं, की अख्ख्या ऑर्केस्ट्रात कधीच बेसूर न होणारा माणूस एकच, कारण त्याच्या हातात वाजणारं काही नसतं.

"पीएमटी बसचा कंडक्टर निदान तिकीट तरी फाडतो," ती म्हणाली. "हा नक्की करतो काय?"

"खुर्च्या मांडतो," तो शांतपणे म्हणाला आणि खिशातला रुमाल काढून त्याने तिच्यापुढे धरला. "केस पुसा. व्हायोलिनवर पाणी पडेल."

द्वारका लाजली… पण फार वेळ नाही. रुमाल घेऊन तिने केस नीट पुसले, आणि तो परत करायचा नाही हे तेव्हाच ठरवून टाकलं.

त्याचं नाव दिग्विजय. बिबवेवाडीत वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, आठवडाभर तो तिथे तांब्याच्या तारा गुंडाळायचा. कॅम्पातल्या एका गोव्याच्या सरांनी लहानपणी त्याला व्हिओला शिकवला होता. वाद्यवृंद उभा राहिला तेव्हा समोर उभं राहायला कुणी तयार नव्हतं, म्हणून व्हिओला पेटीत गेला आणि हातात छडी आली.

द्वारकाला मागची खुर्ची मिळाली आणि चहाच्या सुट्टीत आपोआप अध्यक्षपद. वादक एकमेकांची टिंगल करण्यात पटाईत असतात. ट्रम्पेटवाले बहिरे, ड्रमवाले अडाणी, व्हिओलावाले कायम उशिरा. त्यात द्वारकाने भर घातली ती कंडक्टरची. दिग्विजय डोळे मिटून मान कशी डोलावतो, वळताना चष्मा कसा सावरतो, याची हुबेहूब नक्कल ती करायची. तो चहा पीत समोर उभा असायचा. हसत नसे. फक्त ओठांचा डावा कोपरा हलायचा… आणि द्वारका सगळी मेहनत त्या कोपऱ्यासाठी घ्यायची.

तालमीत तो परतफेड करायचा. एकदा संथ सुरावट चालू असताना त्याने सगळ्यांना थांबवलं.

"मागचं व्हायोलिन आज फारच खूश आहे. जरा उदास व्हा."

"कशाने होऊ?"

"माझ्याकडे बघून."

"तेच तर करतेय मघापासून," ती म्हणाली, आणि तालीम थोडा वेळ बंद ठेवावी लागली.

कार्यक्रम तोंडावर आला आणि हुसेनला कंपनीने अचानक ऑनसाइट पाठवलं. तो अमेरिकेला गेला, आणि कार्यक्रमातली मुख्य रचना अडली. त्यात मधला मोठा भाग व्हिओला एकटाच गातो. कुणी म्हणालं, ती रचना गाळा. कुणी म्हणालं, तो भाग कीबोर्डवर वाजवा. दिग्विजयने दोन्हीला नकार दिला. व्हिओला तो स्वतः वाजवणार होता, आणि समोर द्वारका उभी राहणार होती.

ट्रम्पेट वाजवणारे हिंमतराव सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेले. ते म्हणाले, नक्कल करणं वेगळं आणि ऑर्केस्ट्रा चालवणं वेगळं.

"नक्कल करायला प्रत्येक हालचाल पाहावी लागते," दिग्विजय म्हणाला. "इतकं लक्ष देऊन माझ्याकडे दुसरं कुणी पाहिलेलं नाही." मग द्वारकाकडे वळून म्हणाला, "शिवाय व्हायोलिनं भरपूर आहेत. एक कमी झालं तर कुणाला कळणारही नाही."

"उभी राहते," द्वारका म्हणाली. "पण उशिरा वाजवलंत तर सगळ्यांसमोर बोलेन."

पहिल्या तालमीत तिची फजिती झाली. हात बरोबर हलत होते, पण सगळे तिच्याआधी नाहीतर नंतर पोचत होते आणि हिंमतराव मुद्दाम असल्यासारखे जोरात फुंकत होते. तालीम आटोपल्यावर दिग्विजय थांबला. त्याने सांगितलं, की ती ऐकून हात हलवते आहे, म्हणून आवाज तिला ओढत नेतो. हात आवाजाच्या आधी हलायला हवा. त्याहून आधी श्वास. सगळे तिच्याबरोबर श्वास घेतील, तर आपसूक बरोबर वाजवतील.

त्याने तिचं मनगट दोन बोटांनी अलगद उचललं. "आता घ्या श्वास."

"असं धरल्यावर कसा घेणार?" ती म्हणाली.

त्याने बोटं काढली नाहीत. तिनेही हात काढला नाही.

पुढच्या तालमीत तिने हात उचलायच्या आधी हिंमतरावांकडे पाहिलं आणि दीर्घ श्वास घेतला. नकळत त्यांचीही छाती भरली. ट्रम्पेट अगदी वेळेवर आलं, आणि कुणी न सांगता हळू वाजलं. वाजवून झाल्यावर म्हातारबुवा एवढंच म्हणाले की चहा आज त्यांच्याकडून.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. सभागृह भरलं होतं. यवतमाळहून आईवडील आले होते आणि मुलगी लोकांकडे पाठ करून का उभी आहे हे त्यांना उमगत नव्हतं. द्वारकाने हात उचलला, श्वास घेतला, आणि सगळा वाद्यवृंद तिच्याबरोबर श्वास घेताना तिला ऐकू आला.

मग मधला भाग आला. दिग्विजय व्हिओला खांद्यावर घेऊन तिच्याकडे बघत होता. चष्मा नव्हता, छडी नव्हती, चेहऱ्यावर थोडी भीती होती. तिने हात पुढे केला, तळवा वर, एखाद्याला आत बोलवावं तसा. तो घोगरा, उबदार आवाज उठला तेव्हा तिला कळलं, हा माणूस बोलतो कमी, कारण त्याचं सगळं बोलणं इथे आहे.

सुरावटीच्या शेवटी एक लांब स्वर होता. तो किती लांबवायचा हे कंडक्टर ठरवतो. तालमीत ती लगेच सोडायची. आज तिने हात वरच ठेवला. दिग्विजयचा बो, म्हणजे वाजवायचा गज, तारेवरून सरकत राहिला, टोकाकडे आला… तिचा हात खाली येईना. त्याने भुवया उंचावल्या. तिने अगदी किंचित मान हलवली, अजून नाही. गजाचं शेवटचं बोटभर टोक उरलं. तो कासवाच्या गतीने ते ओढत राहिला, नजर तिच्यावरून न हलवता, आणि स्वर एवढा बारीक झाला की सभागृहातलं कुणी खोकलंदेखील नाही. मग तिने हात खाली आणला.

टाळ्या ओसरल्यावर पडद्यामागे तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. व्हिओला अजून हातातच होता.

"तालमीत तो स्वर एवढा लांब नव्हता," तो म्हणाला. "बो संपला होता माझा."

"माहीत आहे. बघत होते," द्वारका म्हणाली, "माझ्यासाठी किती थांबतोस ते."

आजवर 'तुम्ही' म्हणणाऱ्या तिच्या तोंडून निघालेलं ते एकेरी 'थांबतोस' दोघांच्याही लक्षात आलं. बाहेर हिंमतराव कुणाला तरी तिचं कौतुक सांगत होते. दिग्विजयच्या ओठांचे दोन्ही कोपरे हलले, आणि पहिल्यांदाच तो मोकळेपणाने हसला.

"मग," तो म्हणाला, "हात खाली का आणलास?"