मराठी समजणारा कुत्रा

कोलकात्यातल्या गार्डन रीचच्या दत्तात्रय कान्हेऱ्यांना कुत्रा हवा होता, आणि तोही मराठी समजणारा. हसा हवं तर. त्यांच्या पत्नी कालिंदीबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या होत्या तेव्हा रोज जेवायला हाक यायची, ‘येशो’. अर्धं मराठी ‘ये’, अर्धं बंगाली ‘एशो’. त्या घराबाहेर तो शब्द कुणाला ठाऊक नव्हता, आणि त्या गेल्यावर घरातही कुणी उच्चारला नाही. आजोबा तर बोलायचेच बंद झाले. नात जान्हवी आपली जमेल तसं मराठी रेटायची.

“आजोबा, कुत्र्याचा भाषा कुठला असतो?”

“कुत्र्याची. कुठली. असते,” आजोबा म्हणाले, आणि नागपूरच्या शेल्टरमधला बटू त्यांनी मनात पक्का केला. काळा, एक कान दुमडलेला.

अकराशे किलोमीटर. म्हाताऱ्याची सारी नोकरी रेल्वेची वेळापत्रकं आखण्यात गेलेली, पण बटूला गार्डच्या डब्यातल्या कुत्र्यांच्या पेटीत कोंडून आणणं जिवावर आलं. मग जान्हवीची गाडी ठरली. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. पहाटे पाच दहाला प्रस्थान, खरगपूरला चहा, संबळपूरला मुक्काम, माणसं दोन. वाटेत फाटक लागलं तर म्हणून सात मिनिटं वेगळी धरलेली. रेघा ओढताना आजोबा शीळ घालत होते. ती ऐकायला जान्हवी तीन वर्षं आसुसली होती.

अडचण एकच होती. दोन घरांनी बटूला परत आणून सोडलं होतं. शेल्टरची नूपुर म्हणाली, आधी व्हिडिओवर बोला, त्याने ओळख दाखवली तरच या.

रविवारी सकाळी आजोबा इस्त्रीचा सदरा घालून फोनसमोर बसले.

“बटू, ये रे. बस बरं इथे.”

बटू भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“अरे बाळा, इकडे बघ की.”

कानसुद्धा हलला नाही. दहा मिनिटं झाली. आजोबांचा आवाज खाली खाली जात होता, आणि उद्यापासून हे पुन्हा पलंगावर पडून राहणार, असं जान्हवीला वाटलं.

“काका, राहू द्या आता,” नूपुर हळूच म्हणाली.

तेवढ्यात बटू उठला.

वळला. सरळ फोनपाशी आला. शेपूट जोरजोरात हलत होतं. पण तो आजोबांकडे बघत नव्हता. त्यांच्या खांद्यावरून मागे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता.

“अगंबाई, काकूंचं ऐकलं की याने,” नूपुर हसली. “काय म्हणाल्या त्या? येशो?”

इकडे कुणीच काही बोललं नव्हतं.

“त्यांनाही घेऊन या हं.”

काकू नाहीत, असं सांगायला जान्हवीने तोंड उघडलं. आजोबांनी तिच्या हातावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते.

“आणतो,” ते म्हणाले.

मागे वळून त्यांनी पाहिलं नाही. पेन्सिल उचलली आणि संबळपूरपुढचे दोन खोडून तीन केले.

बटूची नजर दारापासून हळूहळू सरकत आली. जान्हवीच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर थांबली. मग तो खाली बसला.